विहिरीकडची ज्वारी

उस्मानाबादेतल्या एका साप्ताहिकाच्या वाचकांनी मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, अणदूरच्या अलीकडं एका शेतात बियाण्यासाठी राखलेली ज्वारी हुरडा करून खाल्ली. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. शेत एका लहान मुसलमान शेतकऱ्याचं होतं. वाचक त्याला आधार द्यायला आले होते.

मी त्या साप्ताहिकात उपसंपादक होतो. आलेला मजकूर कापणं, बातम्या लिहिणं आणि प्रुफं वाचणं ही माझी कामं. त्या दिवशी वृत्तांत लिहिण्यासाठी मला नेलं होतं. इथं लिहिलेलं बहुतेक मी पाहिलेलं आहे. जे फक्त ऐकलं, ते कुणाकडून ऐकलं हे सांगितलं आहे.

आमचे वाचक म्हणजे वकील, कारकून, शिक्षक, कापडाचे दुकानदार आणि निजामाच्या अमलातले पेन्शनर. त्यातल्या पुष्कळांच्या नावावर जमिनी होत्या आणि त्या दुसरं कुणीतरी कसत असे. संपादकांनी चैत्रात त्यांच्यासाठी एक सदर सुरू केलं. दर अंकात एका लहान शेतकऱ्याची ओळख करून द्यायची आणि खाली आवाहन छापायचं. वाचकांनी वर्षाची ज्वारी आडतीवरून न घेता थेट अशा शेतकऱ्याकडून घ्यावी, त्याचे पाठीराखे व्हावं, असं ते आवाहन होतं. पहिल्या दोन शेतकऱ्यांसाठी कुणी कचेरीची पायरी चढलं नाही. तिसऱ्या अंकात चाचा आले.

गाव त्यांना चाचाच म्हणे, म्हणून मीही तसंच लिहितो. वय पन्नाशीच्या पुढं. घरात ते, चाची आणि एक विधवा भावजय. विहिरीजवळचा एक तुकडा आणि तिथून सडकेपर्यंतचं काळं रान, एका बैलजोडीत उरकणारं. संपादकांची मोटार एकदा त्या सडकेवर बंद पडली होती आणि चाचांनी त्यांना भाकरी खाऊ घातली होती. सदरात संपादकांनी चाचांच्या शेतीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि भाकरीबद्दल दीड रकाना. दुसऱ्या दिवशीही ती मऊ राहिली, नुसती खाल्ली तरी गोड लागली, असं सगळं त्यात होतं. त्यानंतर कचेरीत गर्दी झाली. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून हात घालून लोक टेबलावर आपली नावं लिहीत होते. कुणी शेतीबद्दल विचारलं नाही. ज्वारी घरपोच मिळेल का, हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

भाकरी ज्या ज्वारीची होती तिला गावात नुसतं 'जुनी' म्हणत. कणीस आखूड, दाणा टपोरा आणि पांढरा. आसपासच्या गावांतले लोक पूर्वी पेरणीला तिचं बी चाचांच्या घरून नेत. अलीकडं तालुक्याहून सुधारलेलं बी मिळू लागल्यापासून नेणारे कमी झाले होते. बियाची कणसं चाचा उभ्या पिकातच निवडत, वाळेपर्यंत धाटावरच ठेवत आणि मग चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगत. खायची ज्वारी घरापुढच्या पेवात असे. जमिनीत खोल खणलेला, तोंड लिंपून बंद केलेला तो खड्डा होता.

त्या भाद्रपदात पाऊस थांबेना. पेवात पाणी गेलं. संपादक आणि मी पाठीराख्यांची यादी घेऊन चाचांकडं गेलो, त्याच दिवशी त्यांनी पेव उघडलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. आंबलेल्या धान्याचा वास मेलेल्या जनावराच्या वासाहून वेगळा असतो. त्यात थोडा गोडवा असतो आणि तो घशात उतरून बसतो. दोराला बांधून खाली सोडलेला माणूस टोपल्या भरून काळा लगदा वर पाठवत होता. चाची पदराचं टोक दातांत धरून त्या टोपल्या उकिरड्यावर नेत होत्या. संपादकांनी रुमाल नाकाला लावला आणि तो निघेपर्यंत काढला नाही.

चाचा हात धुऊन आमच्याजवळ आले.

"साब, औंदा जुनी द्यायला न्हाय जमायचं. खायाचं समदं गेलं. आढ्याला चार कणसं टांगल्यात, तेवढंच बी हाय. ते विहिरीकडं पेरतो. बाकीच्या रानात बाजाराचं बी टाकतो. पुढच्या साली जुनी मागा, पोतं भरून देतो."

"म्हणजे वाचकांना एक वर्ष थांबायला सांगायचं?" संपादकांनी रुमालाआडून विचारलं.

"त्यांना म्हणा की, बाजाराचीबी ज्वारीच हाय. भाकर व्हती तिची."

पेवाची बातमी मी लिहिली होती. ती छापली गेली नाही. पाठीराख्यांची नावं मात्र चौकटीत आली.

मार्गशीर्षात संपादकांनी वाचकांची सहल ठरवली. येळवस त्या वर्षी रविवारी आली होती. आमच्या भागात येळवसेला शेतकरी कुटुंबासकट रानात जातो, कडब्याचा कोप, म्हणजे खोपी, उभा करतो, तिथंच जेवतो, आणि त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला खाण्यापासून कुणी अडवत नाही. संपादकांना ही प्रथा सोयीची वाटली. दिवस पक्का करायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा चाचांनी रान फिरून दाखवलं. त्यांची पेरणी लवकर उरकलेली असे, त्यामुळं कणसं दुधातून हुरड्यात येत होती. विहिरीकडच्या थोड्या ओळींना त्यांनी चिंध्या बांधल्या होत्या. चाचींच्या जुन्या तांबड्या लुगड्याच्या.

"सडकेच्या बाजूचं समदं तुमचं, साब. हुरडा खावा, बांधून न्या. फकस्त ह्या चिंध्यांच्या वळी सोडा. ते बी हाय. ते गेलं तर जुनी गेली."

"चाचा, आमचे वाचक सुशिक्षित आहेत."

"म्हून तर सांगायलोय," चाचा म्हणाले.

संपादक मोठ्यानं हसले.

येळवसेला एस.टी.च्या दोन खास गाड्या भरल्या. पुढच्या गाडीत पहिल्या बाकावर वकीलसाहेब होते. साप्ताहिकाचे जुने वर्गणीदार, शहरात वजन असलेले, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वडिलोपार्जित मोठी जमीन असलेले. पाठीराख्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यांच्या शेजारी निजामाच्या कचेरीतले एक म्हातारे निवृत्त पेशकार, शेरवानीत, मांडीवर पानाचा डबा. नळदुर्गला गाड्या थांबल्या. लोक चहा प्यायले, भजी खाल्ली आणि पुड्यांचे कागद किल्ल्याच्या खंदकात टाकून पुन्हा गाडीत बसले.

शेतात कोप बांधून तयार होता. आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले होते. ते शेजारच्या रानातली म्हातारी दरवर्षी मांडून जाई. चाचा तिथंच फातेहा देत. दोन्ही घरांत यात कुणाला वेगळं वाटत नसे. चाची आणि भावजय पहाटेपासून रांधत होत्या. भाज्या आणि शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील. मातीच्या मोठ्या हंड्या झाकून ठेवल्या होत्या. बाजूला पत्रावळींची चळत होती.

वाचक गाडीतून उतरले आणि हंड्यांपासून दूर, आंब्याखाली बसले. प्रत्येक कुटुंबानं आपापला डबा सोडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. चाची पत्रावळी घेऊन पुढं आल्या तेव्हा वकीलसाहेबांच्या पत्नी पटकन म्हणाल्या, "राहू द्या हो, आमचं आजचं व्रत आहे." त्यांच्या हातात अर्धी पुरी होती. दुसरी एक बाई म्हणाली, "आम्हाला आंबील बाधते." तिसरीनं पोराचा हात धरून त्याला मागं ओढलं. चाची आल्या तशा परत गेल्या आणि हंड्यांवर झाकण ठेवलं. फक्त पेशकार उठून गेले आणि पत्रावळ पुढं करून बसले.

"घाला चाची. हमारा सब चलता है. व्रत त्यांचं, भूक माझी."

त्यांनी दोनदा भज्जी घेतली, आंबील मिशा बुडवून प्यायली, पान लावलं आणि विहिरीतून रानात जाणाऱ्या पाटाच्या पाण्यात लाल पिंक टाकली. थोड्या वेळानं पुन्हा टाकली.

अडचण अशी झाली की डबे लवकर संपले आणि माणसं खायला आलेली होती. चुलीवर शिजलेलं नको, पण विस्तवावर भाजलेलं चालतं. तोड वकीलसाहेबांनी काढली.

"अहो, कणसाला कसला विटाळ? ते देवानं दिलेलं. अग्नीत घातलं की शुद्ध. हुरडा आणा!"

टाळ्या पडल्या. चाचांनी आगटीत गोवऱ्या पेटवल्याच होत्या. सडकेच्या बाजूची कणसं त्यांनी स्वतः कापून आणली, भाजली, तळहातावर चोळून, फुंकर मारून सुपात टाकली. लोक तुटून पडले आणि लगेच थांबले. बाजारच्या बियाची ती ज्वारी चवीला सपक होती, दाणाही पुरता भरला नव्हता.

"हे काय, नुसता कोंडा!"

"संपादक, तुम्ही तर लिहिलं होतं की साखर आहे म्हणून."

"ती भाकरी होती. हा हुरडा आहे," संपादक म्हणाले.

"मग साखर भाकरीत घातली होती का तुम्ही?"

हशा झाला. संपादकही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एका शिक्षकानं तोंडातले दाणे मुलाच्या डोक्यावरून पलीकडं थुंकले.

चाचा उठले. फेरीची वेळ झाली होती. त्या घरात प्रथा अशी की येळवसेला घरधन्यानं आंबिलीचं मडकं काखेला घेऊन बांधाबांधानं सगळ्या रानाला फेरी घालायची आणि ज्वारीच्या पानानं आंबील शिंपायची. निघताना बिस्मिल्ला म्हणायचं आणि पुन्हा कोपाशी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला तर फेरी मोडली, आणि मोडलेली फेरी त्या वर्षी पुन्हा घालत नाहीत. चाचांचे वडील अशीच फेरी घालत, त्यांचे वडीलही. चाचा निघताना संपादकांना म्हणाले, "साब, जरा ध्यान ठेवा." मग ते बोलायचे थांबले.

ते पलीकडच्या बांधावर पोचेपर्यंत वकीलसाहेब विळा घेऊन विहिरीकडं गेले होते. चिंध्या बघून ते थांबले आणि त्यांनी हाक मारली.

"अरे, इकडं या! खरा माल इथं आहे. बघा, खुणा करून ठेवल्यात आपल्यासाठी."

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, एवढी नोंद करायला हवी. पुढं त्यांनी स्वतः सगळ्यांना समजावून सांगितलं. त्यांच्या गावी हुरड्याला पाहुणे यायचे असले की सालगडी आदल्या दिवशी रानात फिरून सगळ्यात गोड कणसांना चिंध्या बांधून ठेवत. पाहुण्यांनी चिंधी बघायची आणि कापायचं. गड्यांनी त्या ओळीला हात लावायचा नाही. चिंधी पाहुण्यांसाठीच असते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. शेतकरी स्वतःच्या बियासाठी खूण करतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरात बी कोण निवडतं, हे त्यांनी कधी विचारलेलं नव्हतं.

पहिला भारा आगटीवर आला. भाजलेल्या कणसांचा वास सुटला तेव्हा आंब्याखालची माणसं उठून उभी राहिली. दाणे हिरवे, रसरशीत, चोळताच हातात सुटणारे.

"आहाहा! आता लागली साखर!"

"वहिनी, चटणीची वाटी इकडं. आणि गूळ?"

"अमां, ये तो लई मीठा है," पेशकार म्हणाले. त्यांचं पोट आधीच भरलेलं होतं. त्यांनी पानाचा चोथा काढून पत्रावळीवर ठेवला आणि हुरड्याची मूठ तोंडात टाकली.

मी संपादकांकडं गेलो आणि म्हणालो, ते बी आहे, चाचांनी सांगितलं होतं. संपादक दाणे चघळत होते.

"ठाऊक आहे."

"मग थांबवा त्यांना."

"वाचकांचा हात धरू? जेवताना? आत्ता कुठं खूश झालेत. उद्या वर्गण्या परत मागितल्या तर तू छापणार का अंक तुझ्या पगारातून?"

तेवढ्यात चाची आंबिलीचा तांब्या घेऊन कोपाबाहेर आल्या. त्यांना विहिरीकडचं दिसलं. त्या संपादकांपाशी आल्या. वकीलसाहेबांशी त्या थेट बोलल्या नसत्या. परक्या पुरुषांपुढं त्या आवाज चढवत नसत.

"साब, त्यांना बोला की. ओ बियाचं हाय."

"चाची, चार कणसं गेली तर काय बिघडतंय? येळवस आहे. आजच्या दिवशी खाणाऱ्याला अडवू नये, तुमचीच रीत ना?"

"रीत हाय. पर सडकंकडचं दिलंय की, साब."

"ते गोड नाही," संपादक म्हणाले.

चाचींनी पलीकडच्या बांधाकडं पाहिलं. मीही पाहिलं. चाचा उभे होते. विहिरीकडं काय चाललंय ते तिथून स्वच्छ दिसत होतं. मडकं काखेत, हातात ओलं पान. त्यांनी तो हात एकदा डोक्याच्या वर केला. वकीलसाहेबांनी तो पाहिला आणि विळा वर करून उलट हात हलवला. "चाचा, लाजवाब!" ते ओरडले. चाचांनी हात खाली घेतला. मग वळून त्यांनी आंबील शिंपली आणि पुढच्या बांधाला लागले.

फेरी पुरी व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात विहिरीकडच्या ओळी संपल्या. आधी चिंध्यांची कणसं गेली, मग त्यांच्या आजूबाजूची. बायकांनी पिशव्यांत आणि धुतलेल्या डब्यांत कणसं भरली. पोरांनी धाटं मोडून तलवारी केल्या. आगटीभोवती चोळलेली, उष्टी कणसं, चघळून थुंकलेला कोंडा, गुळाला लागलेल्या मुंग्या, कुणाच्या तरी पोराला झालेली उलटी आणि त्या उलटीवर टाकलेली माती, असा एक चिखल झाला होता. त्यातूनच माणसं अनवाणी येत-जात होती. तांबड्या चिंध्यांना हात पुसले जात होते. मी तोपर्यंत हुरडा तोंडात घातला नव्हता. नंतरही घालावासा वाटला नाही.

चाचा कोपाशी आले, मडकं खाली ठेवलं. त्यांचे पहिले शब्द मी टिपून घेतले.

"झालं का पोटभर समद्यांचं?"

"चाचा, जवाब नाही!" वकीलसाहेब म्हणाले. "आमच्या गावच्या हुरड्याला मागं सारलंत. आणि काय नेमकी कणसं निवडली होती!"

"व्हय. निवडली व्हती," चाचा म्हणाले.

संपादकांनी लगेच सभा सुरू केली. वकीलसाहेब कापलेल्या धाटांच्या खुंटांत उभे राहून बोलले. लहान शेतकरी हा देशाचा पाया आहे, शहरातल्या माणसानं त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे, आपण सर्वांनी आज ते कृतीनं दाखवलं आहे. बोलता बोलता ते धाटाच्या काडीनं दात कोरत होते. पेशकारांना झोप लागली होती. चाचांनी चार शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. चाचा उठत नव्हते. संपादकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

"आलात, खाल्लात, बरं वाटलं," चाचा म्हणाले. "पुढच्या साली या म्हणणार न्हाय. बी ऱ्हायलं न्हाय."

मग वकीलसाहेब हसले. "चाचांना विनोदही छान जमतो!" सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. चाचा खाली बसले.

गाड्या निघाल्या तेव्हा भज्जीच्या हंड्या झाकलेल्याच होत्या. खिडकीतून मागं पाहिलं तेव्हा चाचा आणि चाची आगटीभोवती वाकून उष्टी कणसं उलटीपालटी करत होते. त्यातून निघालेलं काहीही पेरण्याजोगं नव्हतं. भाजलेला दाणा उगवत नाही आणि न भाजलेला हिरवा होता, असं चाचींनी मला नंतर सांगितलं.

मी वृत्तांत लिहिला. बियाण्याच्या ओळी खाल्ल्या गेल्या, हे वाक्य त्यात होतं. संपादकांनी ते खोडून लिहिलं: 'चाचांनी वाचकांसाठी खास राखून ठेवलेल्या गोड हुरड्याचा सर्वांनी आस्वाद घेतला.' पुढच्या दोन अंकांत वाचकांची पत्रं आली. सहल दरवर्षी व्हावी, अशी बहुतेकांची सूचना होती. शेतात बसायला सतरंज्यांची सोय नव्हती, अशी एकाची तक्रार होती. एका पाठीराख्यानं लिहिलं की त्या दिवशी त्यांना जमिनीशी आपलं नातं उमगलं. त्यांची चार गावांत जमीन होती.

फाल्गुनात चाचांनी निरोप पाठवला की ज्वारी खळ्यावर आली आहे, पाठीराख्यांनी न्यावी. सडकेच्या बाजूची, बाजारच्या बियाची. चाचांनी तसं स्पष्ट कळवलं होतं. वकीलसाहेब आणखी दोघांना घेऊन गेले, संपादकांबरोबर मीही होतो. वकीलसाहेबांनी राशीतले दाणे तोंडात टाकले, चावले आणि खळ्यावरच थुंकले.

"ही ती नव्हे."

"न्हाय साब," चाचा म्हणाले. "ती तुमी येळवसंला खाल्ली."

"म्हणजे? आम्ही नावं दिली ती त्या ज्वारीसाठी. संपादक, हे तर सरळ फसवणं झालं."

संपादक म्हणाले, "चाचा, तुम्ही आधी कल्पना द्यायला हवी होती."

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो की भाद्रपदात, पेव उघडलं त्या दिवशी, त्यांनी सांगितलं होतं. वकीलसाहेबांनी ते ऐकलं नाही, ते गाडीकडं निघाले होते. यादीतल्या कुणीही ती ज्वारी नेली नाही. फक्त पेशकारांनी थोडी मागवून घेतली, तीही खुराकाला. त्यांच्या घरी दुभती म्हैस होती. बाकी रास चाचांनी आडतीवर घातली.

पुढचा भाग चाचींकडून ऐकलेला आहे. उन्हाळ्यात चाचा ज्या ज्या गावी पूर्वी जुनीचं बी गेलं होतं, तिथं जाऊन आले. कुठं सुधारलेलं बी येऊन जुनी बंद झाली होती, कुठं दोन्ही एकत्र झाली होती आणि वेगळी काढता येत नव्हती. नळदुर्गच्या पलीकडं एका घरी आढ्याला टांगलेली थोडी कणसं मिळाली. घरच्यांना ती कधीची हे आठवत नव्हतं. चाचींनी ते दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ ठेवले. रोज उघडून पाहत. दाणे फुगले, त्यांना बुरशी आली, वास सुटला. एकालाही कोंब आला नाही. चाचांनी तालुक्याच्या कचेरीतही विचारलं. तिथल्या माणसानं त्यांना सुधारलेल्या बियाची पिशवी दाखवली आणि म्हणाला, "चाचा, तुमची जुनी आता विसरा. ही लावा, दाणा दुप्पट." भाकरी कशी होते, असं चाचांनी विचारलं. त्यानं दाणा दुप्पट असल्याचं पुन्हा सांगितलं. चाचांनी पिशवी घेतली नाही.

ते सदर आणखी काही अंक चाललं आणि जाहिरातींना जागा हवी म्हणून बंद झालं. मी पावसाळ्यानंतर ते साप्ताहिक सोडलं. सोलापूरला जाताना वाट वाकडी करून त्या सडकेवर उतरलो आणि शेतात गेलो, तेव्हा पेरणी होऊन थोडे दिवस झाले होते. हस्त नक्षत्रात चाचांनी विहिरीकडच्या तुकड्यासकट सगळ्या रानात ज्वारीऐवजी करडई पेरली होती.